इंजनाचा घोडा

कोंडीबा सुतार तापट आहे, हे डिग्रजात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाकडं लाकूड आणून कुणी सरळ फळी मागितली तर तो तापायचा, सरळ लाकूड आणून घाई केली तरी तापायचा. पण श्रावणातल्या त्या दिवशी सांगलीत, दादासोंच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात तो जसा तापला, तसा उभ्या जन्मात तापला नव्हता. आणि का तापू नये माणसानं? तुम्हीच सांगा.

समोर विटांचे चार ढीग होते. त्यांवर बाभळीचे दोन ओंडके आडवे टाकलेले, आणि ओंडक्यांवर मोटारीचं इंजन. बांधलेलं नाही, आवळलेलं नाही, नुसतं टेकवलेलं. पाच-सहा मणांचं धूड! डुगडुगू नये म्हणून एका ओंडक्याखाली पत्र्याचा तुकडा सारला होता. झाली ह्यांची व्यवस्था.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ह्याच विटांवर इंजन उलटं करताना एक ढीग ढासळला होता आणि कोंडीबाचा जावई कृष्णात ह्याचा उजवा हात खाली सापडला होता. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. चार वर्षं लढाईत, मिसर आणि इटलीतल्या लष्कराच्या वर्कशॉपात काढून अंगावर ओरखडाही न घेता परत आलेला माणूस, आणि सांगलीतल्या चार विटांनी त्याचा हात खाल्ला!

"दादासो, ह्याला काय म्हंत्यात?" कोंडीबानं विटांकडं बोट दाखवून विचारलं.

दादासो म्हणजे कारखान्याचे मालक. परीटघडीचं धोतर, वर कोट. ते सुपारी कातरत म्हणाले, "अहो, त्याचंच लक्ष नव्हतं. सगळीकडं असंच चालतं."

"आमच्यात साधी करवत चालवायची तरी लाकूड आदी घोड्यावर आवळत्यात. लाकूड! आन् तुमी ह्यो डोंगर विटंवर ठिवताय? आवं, आमच्या बायका चूल मांडत्यात ती ह्याच्याहून पक्की असती!"

आजूबाजूचे मिस्त्री खाली माना घालून हसले. दादासोंना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "लोखंड परमिटाशिवाय मिळत नाही. मुंबईला स्टँड मागवला तर वर्ष जाईल. स्टँड असता तर कृष्णातला आजही ठेवला असता. दोन बोटांचा माणूस विटांवर काय करणार?"

"म्हंजे तुमचा त्यो स्टँड, आमच्यात घोडा म्हंत्यात, त्यो आला तर जावयाला कामावर घ्याल?"

"घेईन की."

"शबूद?"

"शब्द. पण करणार कोण तो? तुम्ही? नांगर नव्हे तो, कोंडीबा."

कोंडीबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पटका सारखा करून तो जो निघाला तो थेट घरी.

घरी कृष्णात सोप्यात बसला होता. आता त्याचं बसणं काय सांगावं! मूळचा म्हसवडचा गडी, भरदार छातीचा. पण हात गेल्यापासून सासऱ्याच्या दारात येऊन पडला होता. उजवा हात सदैव उपरण्याखाली. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची म्हणून सगळ्यांचं उरकल्यावर एकटाच भिंतीकडं तोंड करून जेवायचा. मनुबाई, त्याची बायको, ताट ठेवून मुद्दाम परड्यात जायची. गावात 'घरजावई' हा शब्द फिरायला लागला होता आणि तो कोंडीबाच्याही कानावर आला होता. माणूस जगला-वाचला खरा, पण कामावर परत गेला नाही तर हा असाच भिंतीकडं बघत संपणार, हे बापलेकीला लख्ख दिसत होतं.

"जावईबापू," कोंडीबा म्हणाला, "लष्करात इंजन कशावर ठिवायचे?"

"स्टँडवर."

"कसला स्टँड? म्या बघितलाय व्हय? काढून दावा!"

कृष्णातनं कितीतरी दिवसांनी मान वर केली. मनुबाईनं चुलीतला कोळसा आणून दिला. डाव्या हातानं त्यानं अंगणातल्या फरशीवर वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या. एक चौपाई मेजासारखी. दुसरी पाळण्यासारखी, इंजन दोन्ही कुशीला धरणारी. आणि तिसरी मागून इंजन धरणारी, जिच्यावर ते धरल्या जागी गोल फिरायचं.

"चौपाई सोपी हाय मामा. दोन दिसांत हुईल."

"तिच्यावर इंजन उलटं कसं करायचं?"

"चौघांनी उचलून."

"मग पुन्यांदा कुनाचा तरी हात जायचा! चौपाई न्हाई. पाळना?"

"पाळन्यात बूड झाकतं. खालचं काम हुईत न्हाई."

"मग फिरतोच करायचा."

"त्याला लोखंडी तबकडी लागती, मामा. आन् लोखंड तर…"

कोंडीबा उठला. परड्यात त्याची स्वतःची बैलगाडी सोडलेली होती. तिची चाकं त्यानं स्वतःच्या हातांनी केली होती. मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात बारा आरे, कडेला लोखंडी पट्टीची धाव. तो चाकाकडं बघत राहिला. मग हातानं ते हळूच ढकललं.

"फिरतंय की न्हाई हे? आं? मुंबईचं परमिट लागलं का हेला?"

दुसऱ्या दिवशी गाडीचं एक चाक निघालं. मनुबाई म्हणाली, "आबा, गाडी लंगडी झाली." त्यावर तो खेकसला, "तुजा नवरा बसलाय लंगडा हून, त्याचं आदी बघू दे!" आणि मग आपणच दिवसभर चुटपुटत राहिला.

जाड सागाचे दोन खांब आडव्या पायांवर एकामागं एक उभे केले. त्यांच्यात लोखंडी आस ठोकून घट्ट बसवला आणि त्याच्या पुढच्या टोकावर चाक चढवलं. जुन्या धावेच्या पट्ट्या गावच्या अर्जुना लोहारानं सरळ करून दिल्या. त्या पट्ट्यांचं एक टोक चाकाला बोल्टांनी आवळलं, दुसरं इंजनाच्या पाठीला आवळायचं. म्हणजे इंजन चाकाच्या पुढं अधांतरी राहील, आणि चाक फिरवलं की इंजन फिरेल.

इंजनाच्या वजनाची वाळूची पोती बांधून पाहिली, तर अख्खा घोडा तोंडावर आपटला. कोंडीबानं त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारची म्हातारी दार लावून आत गेली. "पुडचं पाय लांब पायजेत," कृष्णात म्हणाला. "इंजनाच्याबी पुडं गेलं पायजेत." पाय लांबवले. मग चाक फिरवलं की जड बाजू गपकन खाली यायची आणि फिरवणाऱ्याला हिसका बसायचा. पुन्हा शिव्या. तेव्हा कृष्णातनं पट्ट्यांची भोकं दोनदा बदलायला लावली, पोत्यांचं वजन आसाच्या बरोबर रेषेत येईतो. हे करताना उपरणं कधी गळून पडलं त्याचं त्यालाच कळलं नाही. मनुबाईला कळलं. तिनं ते गुपचूप उचलून आत नेलं.

शेवटी आऱ्यांमधून चाकामागच्या खांबात जाणारी एक लोखंडी खीळ केली. खीळ घातली की चाक जागच्या जागी गच्च. काढली की दोन बोटांच्या हातानं ढकललं तरी सहा मणांचं वजन बापुडं होऊन फिरायचं. कृष्णातनं ते उजव्या हातानं फिरवलं. अंगठ्यानं आणि करंगळीनं. कोंडीबानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणून भुशालाच चार शिव्या हासडल्या.

नवरात्रात घोडा सांगलीला पोचला. एका जहागीरदारांची वीस सालची जुनी मोटार दुरुस्तीला आली होती, पितळी दिव्यांची. तिचंच इंजन त्यावर चढवलं. जहागीरदारांचे कारभारी गंगाधरपंत तिथंच उभे होते. कृष्णातनं खीळ काढून इंजन उलटं केलं, सुलटं केलं, कुशीवर केलं. पंत म्हणाले, "वा! आमचं इंजन ह्याच्यावरच करायचं बरं का, दादासो." दादासोंनी कोंडीबाच्या पाठीवर थाप मारली. "कृष्णातला दसरा झाला की पाठवा." खंडेनवमीला घोड्याची पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णात धुतलेले कपडे घालून गेला आणि दुपारी परत आला. "कोजागिरीनंतर या म्हनालं." कोजागिरीनंतर गेला. "दिवाळी झाल्यावर बघू म्हनालं." त्या संध्याकाळी तो उपरणं शोधत घरभर फिरला आणि हात झाकून भिंतीकडं तोंड करून बसला.

आता मात्र कोंडीबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भल्या सकाळी सांगलीत हजर झाला. पाहतो तर काय! कारखान्याच्या दर्शनी बाजूला, रस्त्यावरून दिसेल असा, त्याचा घोडा उभा. चाकाला तांबडा रंग, आऱ्यांना पिवळा. वाळकी झेंडूची माळ तशीच लोंबतेय. वर पाटी, 'अमेरिकन पद्धतीचा फिरता स्टँड'. आणि घोडा रिकामा! माशी बसलेली त्याच्यावर, इंजन नाही.

तो तडक मागं गेला. मागं चार ढीग विटांचे. त्यांवर ओंडके, ओंडक्यांवर पंतांचं इंजन, आणि इंजनाखाली डोकं घालून, आडवा पडून काम करणारा नवा मिस्त्री, नाथाजी.

"दादासो!" कोंडीबाचा आवाज पार पेठेत गेला असेल. "ह्यो काय चावटपना हाय?"

दादासो धावतच आले. "हळू बोला. अहो, रंग दिलाय, तेलानं खराब होईल. लांबून गिऱ्हाईक बघायला येतं."

"बघाय? म्या काय तमाशाचा फड लावून दिला व्हय तुमाला? आन् जावयाचं काय? शबूद दिला हुता तुमी!"

दादासोंनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समजून घ्या कोंडीबा. तसला हात गिऱ्हाईकाच्या नजरेला पडला, तर लोक काय म्हणतील? इथं माणसांचे हात तुटतात म्हणतील."

ह्यांनीच हात तोडायचा, आणि तो दिसतो म्हणून माणसाला दारात उभं करायचं नाही! त्याच्या सासऱ्यानं केलेलं चाक मात्र रंगवून दारात ठेवायचं! अशा माणसाला काय बोलायचं? बोलण्यात अर्थ नव्हता. कोंडीबानं हातोडा-पाना उचलला आणि तो दर्शनी बाजूच्या घोड्याकडं गेला.

"अहो, अहो! पूजा झालीय त्याची! हात लावू नका!"

"खंडेनवमीला हत्यार पुजायचं आन् दसऱ्याला उचलायचं असतं, दादासो. तुमी पुजलं आन् बाहुलीवानी मांडून ठिवलं. देवाला तरी काय तोंड दावनार तुमी?" त्यानं बोल्ट सोडवले, पट्ट्या काढल्या, खीळ कमरेला खोवली, आणि दोन हातांनी चाक आसावरून ओढून काढलं. "खांब तुमालाच ऱ्हाऊ द्यात, रंगवा हवं तितकं. चाक माज्या गाडीचं हाय."

तांबडं-पिवळं चाक रस्त्यानं घरंगळवत तो निघाला. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. त्याला काही ऐकू आलं नाही. नदी ओलांडली, डिग्रज आलं, तरी तोंडानं पुटपुटणं चालूच होतं.

घरी आल्यावर त्यानं चाक अंगणात टेकवलं आणि मागं विटांवर काय पाहिलं ते, आणि दादासो जे बोलले ते शब्दाला शब्द, कृष्णातला सांगितलं. मनुबाई म्हणाली, "आबा, कशाला सांगताय?" तो म्हणाला, "सांगू दे. ठावं असू दे त्येला." कृष्णात उठला, परड्यातून विळा घेतला, चाक गुडघ्यांत धरलं आणि दोन बोटांच्या हातानं विळा पेलून रंग खरवडायला लागला. तिसऱ्या दिवशी नवे खांबही उभे राहिले, वाटेवरून दिसतील असे, लिंबाखाली, आणि नव्या आसावर चाक चढलं.

चौथ्या दिवशी नाथाजी बैलगाडी घेऊन दारात आला. गाडी रिकामी. उतरून तो चाचरत म्हणाला, "दादासोंनी धाडलंय. पंत खवळल्यात. 'विटंवर इंजन ठिवलं तर मोटार घिऊन जातो' म्हंत्यात. चाक द्या, आन् कृष्णात, तुमीबी कामावर या म्हनालं. पर मागल्या बाजूला बसायचं. गिऱ्हाईक आलं तर हात तेवडा…"

कोंडीबा हातोडा शोधायला लागला. पण कृष्णात आधी पुढं झाला. उपरणं नव्हतं. त्यानं उजवा हात सरळ नाथाजीच्या तोंडासमोर धरला, आणि नाथाजीनं नजर वळवली.

"बघ, बघ नीट. उंद्या तुजाबी असाच हुनार हाय. त्या दिशी त्या इंजनाखाली डोस्कं घालून कोन पडलं हुतं?"

"म्याच," नाथाजी म्हणाला.

"मग गाडी रिकामी का आनलीस? जा. पंतास्नी सांग, इंजन हिकडं धाडा. आन् दादासोला सांग, माजा हात हितं वाटंवर उगडा असतोय. कुनी इचारलं तर म्या सांगनार हाय, ह्यो कुटं तुटला त्ये."

नाथाजीनं चाकाला हात लावला. ते अर्धा फेरा फिरलं आणि खीळ नव्हती तरी अलगद थांबलं.

"इंजन घिऊन आलो," तो म्हणाला, "तर मला दादासोकडं परत धाडनार न्हाई न्हवं?"

"लवकर ये," कृष्णात म्हणाला, आणि त्याच हातानं त्यानं बैलांची तोंडं सांगलीकडं वळवली.