बिनसुटीचा नेम

धारवाडचं नाव निपाणी भागातला माणूस जपूनच घेतो. गाव चांगलं, पेढा तर लईच चांगला. पण "त्याला धारवाडला न्यावं लागतंय" असं कुणाबद्दल निघालं की बोलणारा आवाज खाली आणतो. मनाचा मोठा दवाखाना तिथं. तिथनं बरी होऊन आलेली माणसं काय कमी आहेत? पण ती कुणी मोजत नाही, आमच्याकडं फक्त गेलेली मोजतात. नेमिनाथ आप्पाही तसेच मोजणारे. म्हणून त्या मंगळवारी चिकोडीच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसून ते मनातल्या मनात जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होते. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "या वेळीही फरक नसला तर धारवाडला भरती करूया."

शेजारी त्यांची बायको धोंडूबाई बसली होती, समोरच्या भिंतीकडं बघत. पाच महिने ती भिंतीकडंच बघत होती. कारण विचाराल तर काही नाही. लेक गुणाचा, सून त्रिशला गुणाची, ऊस उभा. एक दिवस भाकरी थापता थापता बाई थांबली, आणि थांबलीच. झोप गेली, भूक गेली, बोलणं गेलं. पाहुण्यांनी दोरे सुचवले, अंगारे सुचवले. फुकटचे सल्ले द्यायला कुणाचं काय जातंय?

शेवटी गावातली आशा कार्यकर्ती रचना दारात आली. "आप्पा, दर मंगळवारी तालुक्याला मनाचे डॉक्टर येत्यात. सरकारी हाय, गोळ्या बी तिथंच मिळत्यात."

आप्पा उखडले. "माझी बायको येडी न्हाय."

"कोण म्हणतंय येडी? तुमच्या छातीत दुखलं तवा बेळगाव गाठलंसाच की. काळजाला डॉक्टर चालतोय, मनाला नको व्हय?"

पुढच्याच मंगळवारी आप्पा बायकोला घेऊन चिकोडीच्या बसमध्ये बसले.

तर गोळ्या सुरू झाल्या. रात्री झोपताना एक. आप्पा रोज न चुकता गोळी तिच्या हातावर ठेवायचे. ती उठून आत स्वयंपाकघरात जायची, बाहेर येऊन "घेतली" म्हणायची. फरक मात्र तिळाएवढा नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली. बाई आपली भिंतीकडं.

अडीच वाजता नंबर लागला. सोबत आलेली रचनाही आत आली. डॉक्टर तेजस्वी म्हैसूरकडच्या, बोलायच्या कानडीत. पण या भागातल्या जैन घरांत दोन्ही भाषा चुलीपाशी शिकतात, त्यामुळं अडत नव्हतं.

"तोंड कोरडं पडतं?"

"न्हाई."

"सकाळी झापड असते?"

"न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढी गोळी पोटात गेल्यावर माणूस निदान जांभई तरी देतो. त्यांनी कपाटातनं सगळ्यात लहान गोळी काढली. "अम्मा, ही आत्ता माझ्यासमोर घ्या."

आप्पांनी मनात पुन्हा णमोकार सुरू केला. आता ही तोंड फिरवणार आणि धारवाडचा कागद निघणार. पण धोंडूबाईनं गोळी घेतली, पाण्याचा पेला मागितला आणि शहाण्या पोरीसारखी गिळून टाकली.

रचना बघतच राहिली. "आक्का, मग घरात का घेत न्हाईसा?"

"आत्ता दिवस हाय की," धोंडूबाई म्हणाली.

मग हळूहळू कारण बाहेर पडलं. नेम होता तिचा. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. गोळ्या मिठाच्या बरणीमागं साठवलेल्या. "टाकायच्या कशा? सरकारच्या हायत."

आप्पांचा पारा चढला. "अगं, नेम मलाबी ठाऊक हाय. पण औषधाची सूट असतीया की. सगळी ठेवत्यात."

खरं होतं ते. असा नेम घेताना मुनिमहाराज स्वतःच सांगतात, आजारपणासाठी औषधपाण्याची सूट ठेवा म्हणून. धर्म काही माणसाला मारायला बसलेला नाही.

"मी न्हाई ठेवली."

"का पण?"

धोंडूबाई एकेक शब्द शोधत बोलू लागली. पाच महिन्यांत एवढं बोलायची तिला सवय राहिली नव्हती. "अकरा वर्सामागं तुमी बेळगावात काचंच्या खोलीत हुता तवा नेम घेतला. महाराज म्हणाले, बाई, सूट ठेव. मी म्हटलं, एवढं मोठं मागणं मागायचं आणि त्यात आपली सोय बघायची व्हय? आता मी मोडला आणि तुमास्नी काय झालं, तर मी कुणाकडं बघू?"

"तुला धारवाडला नेलं असतं की गं."

"नेलं असतं तर नेलं असतं. तुमी घरात धडधाकट असता."

आप्पांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अकरा वर्षं हा माणूस रात्री आठला चहाची कपबशी घेऊन तिच्यासमोर बसायचा. "घे की एक घोट, महाराज काय बघाय येत न्हाईत," अशी थट्टा करायचा. ती नुसती हसायची. कुणाच्या जिवासाठी आपण तहान मारतोय, हे तिनं एकदाही सांगितलं नाही. आप्पांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. बायकोसमोर ते पहिल्यांदा रडले.

डॉक्टरांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "आप्पा, हे पहिल्याच मंगळवारी सांगायचं होतं की. अम्मा, साडेपाचला जेवा, लगेच गोळी घ्या, उजेड असताना. नेमही राहील, गोळीही पोटात जाईल. पण पुन्हा या लहान गोळीपासून सुरुवात. बरणीमागच्या सगळ्या परत आणा. गुण यायला तीनचार आठवडे लागतील. आज फक्त झोप येईल." धारवाडचा कागद त्यांनी लिहिलाच नाही.

परतीची बस चारची, ती पाचला आली. आमच्याकडं चारची बस पाचलाच येते. चिकोडी सुटली न सुटली तोच धोंडूबाईची मान आप्पांच्या खांद्यावर कलली. आप्पा अवघडून बसले. हात बधिर झाला तरी हलवला नाही.

निपाणी अजून लांब होती आणि सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. मागच्या बाकावरनं रचना पुढं वाकली. "आप्पा, आक्कास्नी उठवा. दशम्या हायत पिशवीत. आता दिवस बुडाला की सकाळपत्तुर उपास घडंल."

आप्पांनी बायकोकडं पाहिलं. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी मोडलेली. पाच महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"मग तुमी तरी खा."

"ऱ्हाऊ दे गं."

दिवस बुडाला. निपाणीच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा दिवे लागले होते. धोंडूबाई जागी झाली, गोंधळून इकडंतिकडं बघू लागली. "दिस मावळला?"

"मावळला."

"तुमी जेवलासा?"

"न्हाई. भूक न्हवती."

"तुमास्नी? भूक न्हवती?" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. भिंतीकडं नाही, नवऱ्याकडं. कितीतरी दिवसांनी तिला त्याचं खोटं पकडता आलं होतं. मग पोटावर हात ठेवून, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं ती म्हणाली, "मला मातूर लागलीया."

आप्पांना हसावं की रडावं कळेना. पाच महिने घास घास म्हणून मागं लागलो, आणि बाईला भूक लागली ती दिवस मावळल्यावर. पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, आणि दोघांपैकी कुणीही त्यांना हात लावणार नव्हतं.

"कळ काढ," आप्पा म्हणाले. "सकाळी दोघं मिळून खाऊ."

धोंडूबाईनं पदर सावरला, नवऱ्याचा हात धरून बसची पायरी उतरली आणि विचारलं, "कवा उजाडंल वो?"