महिन्यानंतरचा चेहरा

नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या वाडीत एरवी ट्रक थांबले तर ते चहासाठी, नाहीतर पंक्चरसाठी. त्या चैत्रात मात्र ट्रक थांबत होते ते कांतिनाथ महाराजांसाठी. गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात ताडपत्रीचा मांडव पडला होता, बाभळीला भोंगा बांधला होता आणि हमाल, ड्रायव्हर, भाड्याच्या खोल्यांतल्या बाया अशी सगळी वाडी त्या मांडवाखाली घामाघूम होऊन बसली होती.

"बोलो! शरमाना नहीं!" महाराज भोंग्यातून गरजत होते. "चेहरा म्हणजे काय? आत्म्याची पाटी! त्यावर पापाची रेघ ओढली की डॉक्टर पुसू शकत नाही. डॉक्टरापाशी सुई आहे, धागा आहे. पाटी पुसायचं फडकं फक्त गुरूपाशी आहे!"

नत्थू नावाचा त्यांचा चेला एका तरुण पोरीला पुढे घेऊन आला. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत आवळलेला, मेणचट व्रण. बायांनी "अगं माय!" म्हणून तोंडावर पदर घेतला. महाराजांनी तिच्या गालावर भस्म चोळलं, ओलं फडकं दाबलं, मंत्र म्हणत ते खसाखसा फिरवलं आणि झटक्यात ओढून घेतलं. गाल गुळगुळीत! व्रणाचा मागमूस नाही.

"कांतिनाथ महाराज की जय!"

ही पोर कोण, कुणाची, कुठल्या गावची, असं कुणीही विचारलं नाही. वाडीत विचारणार तरी कोण? तिथे सगळेच भाडेकरू. काल आलेले आणि उद्या जाणारे.

मांडवाच्या कडेला डोळ्यांपर्यंत पदर ओढून बसलेली गोपिका मात्र रडत होती.

गोपिका उमरेडच्या विणकराची लेक. नवरा श्रावण वाडीच्या गोदामात हमाली करायचा आणि ती तिथेच फाटकी पोती शिवायची. हिवाळ्यात एका ट्रकवरची ताडपत्री आवळताना दोर तुटला आणि त्याच्या टोकाचा लोखंडी आकडा सपकन तिच्या तोंडावर आला. डोळ्याखालून ओठापर्यंत गाल उसवला. हाड शाबूत, डोळा शाबूत, दात शाबूत. फाटलं ते नुसतं मांस आणि कातडी. "थोडक्यात वाचली," असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांचं खरं होतं. पण थोडक्यात वाचलेली बाई पुढे जगते कशी, हे पाहायला त्यांच्यापैकी कुणी थांबलं नाही.

मेडिकलमधल्या, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांनी टाके छान घातले होते. ते काढताना त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं, "व्रण आत्ता लाल आहे, ताठ आहे. वर्षभरात फिका पडेल, मऊ होईल. खोबरेल तेल लावून हळूहळू चोळत जा, उन्हापासून जपा. ओठ वर ओढला गेलाय, तो पुढे लहानशा ऑपरेशनने सोडवता येईल. कातडीला तिचा वेळ द्या."

कातडीला वेळ द्यायला गोपिका तयार होती. घर तयार नव्हतं. वैशाखात नणंदेचं, चंद्रकलेचं लग्न होतं. सासू पंचफुला एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "गोपिके, पाहुण्याइच्या समोर नको येऊ वं तू. मांगच्या खोलीतच राह्य. लग्नाच्या घरी असं तोंड..." पुढचं तिने तव्यावर टाकलं.

श्रावण वाईट माणूस नव्हता. पण हल्ली तो बोलायचा तिच्याशी आणि बघायचा तिच्या खांद्याकडे. एक दिवस भिंतीवरचा आरसा दिसेना. तिने विचारलं तर म्हणाला, "तुलेच तरास होते म्हणून काढला." तिला त्रास आरशाचा नव्हता. आरसा निदान तिच्याकडे बघत तरी होता.

असं घर असलं की महाराजांना फार कष्ट पडत नाहीत. पंचफुलाच सुनेला मांडवात घेऊन गेली.

"रेघ जुनी आहे का?" महाराजांनी डोळे मिटून विचारलं.

"पौषातली जी," पंचफुला म्हणाली.

"इथली पौषातली. पण हिचं मूळ मागच्या जन्मातलं आहे!" महाराजांनी तपकिरी, घट्ट लेप बोटावर घेतला आणि व्रणाभोवती चोपडला. "उद्या सूर्य उगवेपर्यंत धुवायचा नाही. जळजळ होईल. जळजळ झाली तर भ्यायचं नाही. पाप जळतं तेव्हा धग लागणारच!"

जळजळ झाली. गोपिकेने पदराचा बोळा तोंडात धरून ती सोसली. सकाळी लेप धुतला आणि पंचफुला ओरडली, "अवं, गेली! रेघ गेली!"

आरसा पुन्हा भिंतीवर आला. गोपिकेने पाहिलं. गाल तुकतुकीत, भरलेला, आणि ती खोल घळ खरंच कुठे नव्हती. शेजारपाजार गोळा झाला. श्रावणाने त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "बरी दिसून राहिली गा!" बाईला 'गा' म्हणतोय हेही त्याच्या लक्षात आलं नाही, इतका तो हरखला होता. ती हसली. हसताना गाल चरचरून ओढला गेला, पण त्या दिवशी तिला त्याचंही काही वाटलं नाही.

दुपारी नत्थू तिला बोलवायला आला. महाराजांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "पाहा! कालपर्यंत पदरात तोंड लपवणारी ही बाई पाहा!" आणि तिला पाहून अनुसया नावाची, मानेवर भाजल्याचा डाग असलेली एक बाई पुढे झाली आणि तिने लेपासाठी मान वाकवली. "ह्या बाईले गुण आला तर मलेही येईन," असं ती म्हणाली. गोपिकेने ते ऐकलं.

त्यानंतर गोपिकेच्या गालावर पाण्याचे फोड आले. ते फुटले, चिघळले. डोळा बंद झाला. श्रावण धावत मैदानात गेला, तर मांडवाच्या जागी नुसते खड्डे होते. चहावाला म्हणाला, "महाराज कळमन्याले गेले गा. तिकडं लय भक्त वाट पाहून राहिले म्हणे."

मेडिकलमधले तेच डॉक्टर. त्यांनी गाल पाहिला, हुंगला आणि कपाळाला हात लावला.

"बिब्बा! धोबी कपड्यावर खूण करतात तो बिब्बा. त्याचं तेल कातडीला लागलं की कातडी सुजते आणि मग भाजून निघते. कुणी लावला?"

"पन रेघ गेली होती जी, डॉक्टरसाहेब," गोपिका कशीबशी बोलली. "म्या सोता पाह्यली. आरशात."

डॉक्टर तिच्या समोर स्टूल ओढून बसले. "बाई, व्रण कुठे गेला नव्हता. तो खोल होता. बाजूचं मांस सुजून वर आलं, खळगा भरून निघाला, म्हणून दिसेनासा झाला. सूज उतरली की तो परत दिसणारच. आता त्याच्याभोवती भाजल्याचा डागही राहील. वर्षभरात फिका पडला असता हो तो..."

मानेवरचा डाग दाखवायला अनुसया त्याच आठवड्यात तिथे आली. तिची मानही फोडांनी भरली होती. ती गोपिकेला नुसती बघून पुढे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गोपिकेला वाटलं.

चंद्रकलेचं लग्न लागलं. मागच्या खोलीत बसून गोपिकेने मंगलाष्टकं ऐकली. पंचफुला तिचं ताट ठेवायला आली आणि म्हणाली, "महाराजाचा लेप कसा खोटा होईन? तुह्याच मनात खोट असन."

ही चमत्काराची खरी करामत. गुण आला तर महाराजांचा, आणि कातडी गेली तर भक्ताची खोट!

दुसऱ्या दिवशी गोपिका कुणाला न सांगता कळमन्याला गेली. भांडायला नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरांचं तिला पटलं होतं आणि तरीही आपल्या मनात खोट होती का, हे महाराजांच्या तोंडून ऐकायचं होतं. माणसाचं मन असं असतं. फसवणाऱ्याच्याच दारात ते न्याय मागायला जातं.

धान्याच्या बाजाराजवळ तीच ताडपत्री, तोच भोंगा. "चेहरा म्हणजे आत्म्याची पाटी!" गोपिका रेटत रेटत अगदी पुढे जाऊन बसली. नत्थूने एका पोरीला पुढे आणलं. गालावर मेणचट, आवळलेला व्रण. उजव्या गालावर.

हनुवटीवर मात्र गोंदणाचे तेच तीन ठिपके.

गोपिका बघत राहिली. वैशाखातलं नागपूर ते. मांडवात माणूस नुसता निथळत होता. पोरीच्या कपाळावरून घामाचा ओघळ आला, कानाशी वळला आणि व्रणाच्या कडेखाली शिरला. व्रणाची कड भिजून वर उचलली गेली. गोपिकेने आपला व्रण रोज बोटांनी चोळला होता. तिला ठाऊक होतं, खऱ्या व्रणाला कड नसते. तो माणसाच्या मांसातच असतो.

महाराजांचं ओलं फडकं पोरीच्या गालापर्यंत पोचायच्या आत गोपिका उठली, नखाने ती कड धरली आणि ओढली. फर्रकन पापुद्रा निघाला. नाटकवाले खलनायकाला व्रण काढतात ते औषध ते. डिंकासारखं लावायचं, वाळलं की कातडी आवळून धरतं, ओढलं की सुटतं.

खालचा गाल कोवळा आणि नितळ होता. त्या क्षणी गोपिकेला विजयाबिजयाचं काही वाटलं नाही. तिला त्या पोरीचा हेवा वाटला. इतका, की हात उगारला गेला.

"बाई, मारू नका जी," पोर कळवळली. "मी शामला. नाटकात काम करत होती. कंपनी बुडाली. हा म्हणे, रोज जेवाले भेटन..."

गोपिकेचा हात खाली आला. तिने पापुद्रा लोकांसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा पदर बाजूला केला. चिघळलेला, काळवंडलेला गाल उघडा पडला. पुढची रांग मागे सरकली.

"मांगं काहून सरता?" तिचा आवाज फाटला. "पाहा नं! गुण आलेली बाई पाहाले आले नं तुमी? मीच ते. वाडीत मलेच उभं केलं होतं यानं. हा बिब्बा लावते. बिब्ब्यानं गाल सुजते, सुजीत रेघ दडते अन् तवर हा पळते. अन् ही रेघ..." तिने पापुद्रा हलवला, "ही तं चिटकवलेली हाये!"

"पापिणी! भस्म होशील!" महाराज गरजले.

"झाली नं तुह्याच हातानं. आता आनखी काय करशीन?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी दगड उचलला. एक म्हातारा उठून म्हणाला, "पोलिसाले बलवा." तोवर नत्थूने टेम्पो सुरू केला होता. महाराज भोंगा सोडून पळाले, शामलालाही सोडून पळाले. आणि जाता जाता एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, तेही गोपिकेने ऐकलं, "हा खोटा निंगाला गा. पन उमरेडकडं एक हाये म्हणते, तो खरा हाये."

पावसाळा सरल्यावर डॉक्टरांनी ओठ सोडवला. आता तोंड नीट मिटतं, पाणी सांडत नाही. भाजल्याचा डाग मात्र राहिला आहे, आणि तो राहणार. गोपिका पदर न ओढता पोती शिवायला जाऊ लागली. श्रावण तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला शिकला. हळूहळू, आणि ती प्रत्येक वेळी "इकडं पाह्य" म्हणाली म्हणून. पंचफुला अजून शिकलेली नाही.

परवा एक बाई गोदामापाशी आली. सोबत शाळकरी लेक. गरम वरणाने पोरीचा गाल पोळला होता. बाई म्हणाली, "बाई, उमरेडच्या बाबाचा एका दिवसात गुण येते म्हणते. तुमी उमरेडच्या नं? नेऊ का?"

गोपिकेने सुई पोत्यात खोचून ठेवली, पोरीला उजेडात घेतलं आणि तिच्या गालाकडे मन लावून पाहिलं. घरात बहुधा कुणी पाहिलं नसावं, कारण पोर आधी बिचकली आणि मग स्थिर उभी राहिली.

"त्या बाबाले इचार," गोपिका म्हणाली, "ज्याले महिन्याआंधी गुण आला, तो मानूस दाखव म्हना. आजचा नोको. महिन्यानंतरचा. दाखवला तं जाय. नाई दाखवला तं चाल, मी तुमाले डॉक्टरापाशी नेईन."

एवढंच विचारायचं असतं. त्याला पोथी लागत नाही, पदवी लागत नाही. आणि बाबाला हे विचारण्याआधी आपल्या घरात एक प्रश्न विचारायला हवा: या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण शेवटचं कधी पाहिलं? आपण नजर वळवतो, तिथेच कांतिनाथाचा मांडव पडतो.