वारा पडेना

तळावर त्याला सगळे नकारघंटा म्हणत. अर्थात पाठीमागे. पण ते त्याच्या कानावर जातं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचं काम वाऱ्याचं. इथून उडायची ती रॉकेटं लहान, संशोधनाची. सरळ वर जायची, हवा अगदी विरळ होते तिथं काही मिनिटं मोजमाप करायची आणि लांब समुद्रात पडायची. त्यांना सुकाणू नसे, त्यामुळे सुटल्यावर पहिले काही क्षण वारा ढकलेल तिकडे ती कलत. म्हणून आधी फुगा सोडायचा, कुठल्या उंचीवर वारा कसा वाहतोय ते पाहायचं आणि त्या हिशेबानं रॉकेट ज्यावर उभं असे तो सांगाडा जरा या अंगाला, जरा त्या अंगाला कलता करायला सांगायचं. वारा मर्यादेबाहेर असला तर ‘नाही’ म्हणायचं. किनाऱ्याला लागून वस्ती होती. त्याचा होकार चुकला असता तर रॉकेट त्या घरांवर पडलं असतं.

या खेपेला प्राध्यापक बाई आपलं यंत्र घेऊन आल्या होत्या. सोबत त्यांचे दोन संशोधक होते. यंत्राला संध्याकाळचा अगदी थोडा वेळ हवा होता, म्हणजे खाली अंधार पडलेला आणि वर अजून ऊन असलेला. पण दुपारी समुद्रावरून उठलेला वारा रोज नेमका त्या वेळीही वाहत असायचा. एरवी दिवस मावळला की पडायचा तो, पण यंदा पडायचं नाव घेईना.

रोज तेच. सकाळी यंत्र थंड करायला घ्यायचं, दुपारी रॉकेट उभं करायचं, संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं. मग तो फुगे सोडणार, आकडे पाहणार, चष्मा काढून डोळे चोळणार. चष्मा काढला की संशोधकांपैकी एक जण हळूच वायरी गुंडाळायला घ्यायचा. मग माइकवर त्याचा थकलेला आवाज येई, “आज नाही.”

घरीही सुटका नव्हती. शेजारणी त्याला गाठून विचारत, “भाऊजी, कपडे वाळत घालू का आज?” आणि बायको ताट वाढताना चेहऱ्याकडे पाहून म्हणे, “नाही ना? बसा. गरम आहे तोवर जेवून घ्या.”

“वारा मी पाठवतो का गं?”

“मी कुठं काय म्हटलं? तुम्हीच झोपेत ‘नाही नाही’ करत असता.”

दुसरा आठवडा सरत आला तशी माणसं चिडेनाशी झाली, आणि ते त्याला जास्त जड जाऊ लागलं. आधी बाई वाद घालायच्या, आकडे मागायच्या, मर्यादा कुणी ठरवली म्हणून विचारायच्या. आता नुसती मान हलवत आणि यंत्रापाशी जाऊन स्टुलावर बसत. कॅन्टीनमध्ये चहा समोर घेऊन बसल्या तरी प्यायचं विसरत.

एका दुपारी तळप्रमुख त्याच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

“बाईंच्या बहिणीचा फोन आलाय. आई पडली. डोक्याला मार लागलाय, धड बोलत नाही. बाई आज रात्रीच्या गाडीनं निघतायत.”

“अरे देवा.”

“तीन वर्षं राबल्यात या यंत्रावर. आज उडालं तर निदान डोळ्यांनी बघून जातील. तुम्ही जरा बघा.”

“मी रोजच बघतो, साहेब.”

“तसं नाही.” प्रमुखांनी मान खाजवली. माणूस वाईट नव्हता. “उन्नीस-बीस असेल तर ताणून धरू नका, एवढंच म्हणतोय.”

त्या संध्याकाळी उन्नीस-बीसच होतं. पहिला फुगा वर गेला आणि आकडे मर्यादेच्या आत आले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. पायाशी त्यांची बॅग होती. मग जमिनीलगतचा झोत आला आणि वाऱ्याचा काटा मर्यादेवर चढला. उतरला. पुन्हा चढला. त्यानं दुसरा फुगा सोडायला सांगितलं. उतरला की उडवू, असं त्याच्या मनात येई आणि तोंड उघडेपर्यंत काटा परत वर. सगळी खोली त्याच्या तोंडाकडे बघत होती. प्रमुख मात्र मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

‘हो’ म्हणायला काय लागतं? एक शब्द. दहातल्या नऊ वेळा काही झालं नसतं. हा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला, आणि आला म्हणूनच त्याला घाम फुटला. तो काट्यावर नजर लावून बसून राहिला. वर आकाशातलं ऊन विझलं, वेळ संपला.

“आज नाही,” तो म्हणाला.

बाईंनी बॅग उचलली. त्याच्या खुर्चीजवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

आणि दुसऱ्या दिवशी वारा पडला.

अगदी ठार पडला. समुद्र तव्यासारखा सपाट. फुगे सरळ वर गेले, आकडे असे आले की त्यानं ते दोनदा तपासले. “हो,” तो म्हणाला, तेव्हा पलीकडून प्रश्न आला, “काय म्हणालात?” त्याला पुन्हा म्हणावं लागलं. रॉकेट सुटलं, खिडक्या थरथरल्या, आणि धुराची रेघ उन्हात जाऊन गुलाबी झाली. संशोधक एकमेकांच्या गळ्यात पडले. त्याला मात्र काहीच वाटेना. फक्त पाठ दुखतेय हे पहिल्यांदाच जाणवलं.

बाईंना फोन करायचं काम त्यानं मागून घेतलं.

“बोला,” बाई म्हणाल्या. मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. “आजही नाही ना? उद्या परत लावा.”

“गेलं, बाई.”

“काय गेलं?”

“रॉकेट गेलं. यंत्राचं दार वेळेवर उघडलं. माहिती येतेय, चांगली येतेय.”



“वारा?” त्यांनी विचारलं.

“नव्हताच.”

“एका दिवसानं,” बाई म्हणाल्या. आवाज फाटला होता. मग म्हणाल्या, “आई मला ताई म्हणतेय. तिच्या ताईला जाऊन किती वर्षं झाली. मी आपली हो हो करतेय.”

“काळजी घ्या,” एवढंच तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर ते किती पोकळ वाटलं असेल याचा विचार करत तिथंच बसला.

महिन्याभरानं बाई उरलेलं सामान न्यायला आल्या. आई गेली होती. मोजमाप मात्र उत्तम निघालं होतं. ट्रकमध्ये पेट्या चढेपर्यंत त्या त्याच्या खोलीत येऊन बसल्या.

“त्या संध्याकाळी मी तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या घातल्या.”

“कळत होतं.”

“तुमचं बरोबर होतं. आता नाही घालत.” “पण घातलेल्या मागेही घेत नाही.”

“राहू द्यात की,” तो म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. त्यानं त्यांना ट्रकपर्यंत सोडलं आणि ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत उन्हात उभा राहिला. मग परत फिरला. दुसरी एक मंडळी आपलं रॉकेट घेऊन आली होती, फुगा भरून तयार होता, आणि समुद्रावरून वारा उठायला लागला होता.