दोरीपलीकडचं माहेर

त्रातचा दिवस आला की आमच्या सासूबाई दार लोटून घेतात आणि सुकट कांडत बसतात. फ्रेंचांनी आमचा हा त्रात प्रांत परत दिला तो हा दिवस, त्यामुळे बाहेर सगळा प्रांत वाजतगाजत असतो. पण त्याच सौद्यात कोह काँग हद्दीपलीकडे, दुसऱ्या देशात राहिलं, आणि सासूबाईंचं, साइबुआबाईंचं, माहेर नेमकं तिथलं. लग्न होऊन होडीतून इकडे आल्या, बहीण लामून तिकडेच राहिली. दोघींची बोली एक, खाडी एक. हद्दीवरचा नाका उघडा होता तोवर जाणंयेणं, भांडणं, रुसवेफुगवे सगळं चालायचं. यंदा दोन्ही देशांत बिनसलं, नाका बंद झाला आणि बाईंचं जेवण निम्म्यावर आलं. मला ते बघवत नव्हतं.

या वर्षी मिरवणुकीत आमच्या ख्लोंग याइ गावाचा ट्रक निघायचा होता. त्यावर अख्ख्या प्रांताचा नकाशा मांडायचा ठरलं: बागांच्या जागी काटेरी डुरियन फळं, बेटांच्या जागी नारळ, आणि डोंगर-समुद्रात चेपलेली आमची चिंचोळी पट्टी सुकटीची. हद्दीला दोरी. सासूबाईंना मी नुसतं बघायला चला म्हटलं, तर म्हणाल्या, तुमचा सण, तुम्ही नाचा. मग मी हळूच सांगितलं, की तुमच्या लेकानं सुकट ओलीच पसरलीय.

मात्रा लागू पडली. पदर खोचल्यासारख्या तरातरा आल्या आणि माझ्या नवऱ्यावर, प्रयुनवर, कडाडल्या.

“एवढी रुंद पट्टी? आपल्या गावात नवरा-बायको भांडले तर एकाचे पाय समुद्रात जातात. काढ ते सगळं.”

मग स्वतःच मांडायला बसल्या. निवडून, वाळकी सुकट चिमटीनं लावत लावत दोरीपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. पलीकडे ट्रकच्या उघड्या फळ्या होत्या. गावप्रमुख बुनलुआ तिथे भोंगा ठेवणार होता. सासूबाईंनी मला घरून त्यांचं बुटकं स्टूल आणायला पिटाळलं, ते दोरीपलीकडे मांडलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

बुनलुआ चाचरला. दिवस कसे आहेत, लोक काय म्हणतील, असं काहीबाही बोलला.

“विचारलं तर सांग, म्हातारी माहेरी गेलीय.”

त्यानं डोकं खाजवलं. मग भोंगा उचलून टपावर बांधायला गेला.

ट्रक निघाला. बाजारात लोक हात हलवत होते, काही जण त्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. सासूबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. ऊन तापलं तसं मी पाणी घेऊन ट्रकवर चढले आणि दोरी ओलांडायला पाय उचलला.

“चपला काढ,” त्या म्हणाल्या.

मी काढल्या. त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “जेवलीस का गं?”