बावखल रुंद झालं

गिरीज गावातल्या वाडीत विजेचा पंप आला, तेव्हा मनोरमाच्या सासऱ्यांनी रहाट मोडला आणि बावखल बुजवून त्या जागी भाजी लावली. बटण दाबलं की विहिरीचं पाणी येतं, मग एवढा तलाव दारात कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. मनोरमाला मात्र रहाटाची कुरकुर पुढे कितीतरी वर्षं झोपेत ऐकू यायची.

१९९८च्या उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. आजूबाजूच्या विहिरींतून टँकर भरभरून नव्या इमारतींकडे जात होते, आणि इकडे केळीच्या पानांच्या कडा करपत होत्या. "आई, बावखल परत खणू," मुलगा जितेंद्र म्हणाला. "नाहीतर वाडी हातची जाईल."

पोकलेन आलं. दीड पुरुष खोलीवर वाळूतून पाणी सुटलं. नव्या पाण्याची पहिली ओंजळ घरातल्या थोरल्या बाईने चाखायची, तीही चहा घेण्याआधी, अशी घरची रीत. पूर्वी हा मान सासूबाईंचा. मनोरमा जपून खाली उतरली. पाणी जिभेवर घोळवून म्हणाली, "गोडं हाय. आता थांब."

"मे महिन्यात आटलं तर? अजून थोडं खाली जातो."

कुंपणापलीकडून शेजारचा सॅन्टन म्हणाला, "जित्या, किल्ल्यापर्यंत भुयार काढतोस काय रे?"

जितेंद्रने एका कोपऱ्यात खोल खड्डा काढलाच. दुसऱ्या सकाळी मनोरमाने तिथलं पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानेही घोट घेतला आणि थुंकला. थेट मिठागराची चव.

"सगळंच खारं होणार आता?"

"खड्डा चिकणमातीनं बुजव, चांगली चोपून. आपल्याकडं गोडं पानी वरच असतं, सायीसारखं. खोल नको जाऊ, रुंद कर."

"कुठे रुंद करू? एकीकडे घर, एकीकडे सॅन्टनकाका. उरली ती बाबांची राजेळी केळीची रांग."

ती रांग मनोरमाच्या नवऱ्याने, काशीरामने, जाण्याच्या आदल्या वर्षी लावली होती. तिच्याच केळ्यांची सुकेळी ती दर वर्षी उन्हात घालायची, आणि कावळे हाकलता हाकलता त्याच्याशी मनातल्या मनात बोलायची.

"मशीन दुपारपर्यंत थांबव," ती म्हणाली आणि कुदळ घेऊन निघाली. एकेका खुंटाला फुटलेले कोवळे मुनवे ती मुळासकट सोडवू लागली. थोड्या वेळाने सॅन्टनही न बोलावता कुदळ घेऊन आला.

"काशीराम वरून बघत असंल तर म्हनंल, बाईनं माझी केळी उपटली."

"म्हनू दे. पानी कमी पडलं की तेच आधी कुरकुरायचे."

दुपारपर्यंत सगळे मुनवे पलीकडच्या बांधावर लागले होते. मग पोकलेनने रांगेची जागा उकरली.

पुढच्या वर्षी मे महिन्यातही बावखलात गुडघाभर पाणी उरलं होतं. एका सकाळी जितेंद्र चहा न घेताच खाली उतरला. त्याने ओंजळ तोंडाला लावली, मग तांब्या भरून वर आणला.

"मला गोड लागतंय. पण तू सांग."

मनोरमाने घोट जिभेवर घोळवला आणि गिळला. उरलेला तांब्या तिने बांधावरच्या नव्या राजेळीच्या बुंध्याशी ओतला, आणि चहा टाकायला घरात गेली.