मिठाची ओळख

हिवाळा सरला तरी सरबिनाजच्या सासरच्या गावची शेतं पांढरीच राहायची. बर्फ कसला, मीठ! समुद्र आटत आटत दूर निघून गेला आणि मीठ तेवढं मागे ठेवून गेला. उन्हात सगळं असं लखलखायचं, की आपण जाग्या आहोत की झोपेत, हेच तिला कळेनासं व्हायचं.

आईनं मरताना दिलेल्या खरबुजाच्या बिया आता मूठभरही उरल्या नव्हत्या. दोन वर्षं तिनं किती लाडानं रोपं वाढवली होती! माहेरची चांगली माती आणून डब्यांत भरली, वर कालव्याचं गोडं पाणी. रोपं कशी टरारून यायची! आणि इथल्या शेतात लावली, की पानांच्या कडा करपायच्या, आठवड्याभरात माना टाकायची. या शेवटच्या बिया गेल्या, की आईच्या खरबुजांचा वासही जगातून जाणार.

त्या सकाळी ती अंगणात आली, तर सासू, बिबीएने, वाडग्यात त्याच बिया भिजवत बसलेली. सरबिनाजनं पाण्यात बोट बुडवून चाखलं. खारट!

"अहो एने, काय केलंत हे? माझ्या आईच्या शेवटच्या बिया होत्या त्या!"

"ओरडू नकोस, मला अजून ऐकू येतं," सासू म्हणाली. "इतके लाड केलेस, काय झालं? मिठाची ओळख आधीच करून द्यावी लागते. लग्न होऊन आलीस तेव्हा आमचा मिठाचा चहा पिताना तोंड केवढं वाकडं केलं होतंस! आता वाट्यावर वाट्या रिचवतेस."

"मी माणूस आहे. ही बी आहे."

"मग तुझ्यापेक्षा शहाणी असेल."

सरबिनाज दिवसभर तिच्याशी बोलली नाही. सासूनं बिया सावलीत सुकवल्या. टोचायला मात्र दोघी गेल्या. सरबिनाज वरंब्याच्या माथ्यावर वाकली, तशी म्हातारी खेकसली, "माथ्यावर नको गं बाई! मीठ तिथंच चढून बसतं. उतारावर टोच, पाण्याच्या जरा वर."

मग सरबिनाजला रोज एकच स्वप्न पडू लागलं. आई पांढऱ्या शेतातून अनवाणी चालतेय आणि पावलं उमटताहेत ती हिरवी. सकाळी शेतावर जायचीच तिला भीती वाटे. काही रोपं गेली. उरलेल्यांच्या कडा जरा पिवळ्या पडल्या, पण ती उभी राहिली. हळूहळू वेल पसरले.

खरबुजं आली ती लहानखुरी, जाड सालीची. "आईची केवढी मोठी असायची," सरबिनाज हिरमुसून म्हणाली. तिनं एक कापलं आणि तो वास आला. तोच! ती तिथंच मातीत बसून हमसाहमशी रडली.

सासूनं एक फोड खाल्ली. रस हनुवटीवरून ओघळला, तो तिनं पुसलाही नाही.

"तुझ्या आईला एकदा तरी भेटायला हवं होतं गं मी," ती म्हणाली आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.