ठमीचा आजचा लेख

नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि ठमीने ते दुकानातली पावती खिशात सरकवावी तसं ठेवून दिलं. इतकी वर्षं तिने घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून दहा ठिकाणची कामं केली होती. लोक इंटरनेटवर काय शोधतात ते हुडकायचं आणि गिऱ्हाइकाचं पान त्या शोधात वर आणायचं, हा धंदा. आज दातांचा दवाखाना, उद्या कुलपांचं दुकान. गिऱ्हाइकं ऐन जेवणात फोन करत, डोकं खात. पण एखादा मथळा फसला तर ती तिथल्या तिथे बदलून मोकळी होई. आता खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत एक शब्द बदलायचा तर तीन माणसांचा होकार हवा. विषय एकच. सकाळी खुर्ची, दुपारी खुर्ची, आणि बसायलाही खुर्चीच. तक्रारीला जागा नव्हती. एसी होता, कॉफी फुकट होती. फक्त पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आहे की नाही तेच कळेनासं होतं ना, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

घरी वडील एकटे. अण्णांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बटण दाबलं की कुठेतरी काहीतरी हलतंच, यावर त्यांची श्रद्धा. पूर्वी ती प्रत्येक मथळा त्यांना वाचून दाखवी. "याला कुत्रंही विचारणार नाही," असं ते म्हणाले की ती मुकाट्याने दुसरा लिही. आता संध्याकाळी ते विचारत, "आज काय लिहिलंस?" ती "खुर्ची" म्हणे आणि ताटावर बसे.

नोकरी अजून कच्ची होती. तिचे लेख किती लोक वाचतात, किती वेळ वाचतात, त्यावर तिला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं.

एके दिवशी तिच्याहून लहान असलेल्या तिच्या बॉसने तिला खूश होऊन बोलावलं.

"वाचनाचा वेळ दुप्पट झालाय! आणि हे बघ, आपल्या साइटवरच्या शोधाच्या चौकटीत कोणीतरी रोज हेच टाइप करतंय. 'ठमीचा आजचा लेख.' ठमी म्हणजे काय गं? खुर्चीचं मॉडेल? यावर एक पान करूया का?"

ऑफिसात तिचं कागदोपत्री नाव चाले. ठमी म्हणून हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता.

गप्प बसायला तिचं काय जात होतं? उलट फायदाच होता. पण खोटे आकडे दाखवून तिने दवाखान्यालाही कधी फसवलं नव्हतं.

"ठमी मीच," ती म्हणाली. "वडील आहेत ते."

बॉस हसली, मग हसायची थांबली. "किती गोड! पण तुझ्या घरचं इंटरनेट कनेक्शन मोजणीतून वगळावं लागेल. तुझा आकडा पडेल हं."

"कळतंय."

ते काम तिच्याच हद्दीतलं. तिने घरच्या कनेक्शनचा नंबर 'मोजू नये' या रकान्यात भरला आणि बटण दाबलं. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. नाही आलं. मग तिने पुढचं काम उघडलं.

घरी पोचली तेव्हा अण्णा टेबलाशी तिच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसले होते.

"आज सगळे लेख उघडले. कंबरदुखीचा दोनदा वाचला. बरा जमलाय."

"अण्णा, कशाला त्रास करून घेता?"

"त्रास कसला? तूच सांगायचीस, लोक आले, थांबले, की पान वर जातं. मी आपला येतो आणि थांबतो. तेवढाच तुझ्या नोकरीला हातभार." त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "मोजतात ना गं तिकडे मला?"

सगळं सांगून टाकायचं, असं येताना तिने पक्कं केलं होतं.

"मोजतात," ती म्हणाली.

"मग उद्यापासून दुपारची झोप बंद," अण्णा म्हणाले. "जेवलो की लगेच बसतो."